दोन अंशांचं भांडण

एकाच जागी पाणी गार करून ते पाइपांतून आसपासच्या इमारतींना पुरवायचं, हे ताईच्या केंद्राचं काम. तिथली जुनी खोड अशी, की कुणी "उकडतंय" म्हणून फोन केला की पाणी आणखी गार करायचं आणि मोकळं व्हायचं. वीज जळते तर जळो! साहेबांशी भांडभांडून ताईने आज पाणी दोन अंश कमी गार सोडलं होतं. दवाखान्याने तक्रार केली, तर प्रयोग तिथेच बंद होणार होता.

आणि त्याच दवाखान्यात तिची आई दाखल होती.

भर दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. "आई घामाने निथळतेय. तुझे प्रयोग घाल चुलीत!"

ताईचा हात पाणी गार करायच्या बटणाकडे गेला आणि थबकला. दवाखान्याकडून परतणारं पाणी कोमट असायला हवं, पण पडद्यावरच्या आकड्यानुसार ते गारच येत होतं. म्हणजे ते खोल्यांत न जाता मधूनच माघारी फिरत होतं.

"तळघरातल्या मेकॅनिकला गाठ. मधली झडप उघडी राहिलीय, ती बंद करायला सांग."

"आणि तोवर आई?"

"पंखा लाव. पाणी मी गार करणार नाही."

बहिणीने फोन आपटला. ताई परतणाऱ्या पाण्याच्या त्या आकड्याकडे बघत राहिली. तो हलेना. आईपेक्षा हट्ट मोठा झाला का माझा?

शेवटी आकडा चढू लागला. तिने घाईघाईने फोन लावला.

"आता पांघरूण मागतेय," बहीण म्हणाली. "पण तू माझ्याशी बोलू नकोस."