समुद्राला अधिकाचं वाण

ओटीचे तांदूळ कुणी ठरवून साठवत नाही. आज या घरची मूठ, उद्या त्या हळदीकुंकवाची, आपण आपले डब्यात टाकत जातो. मग एक दिवस झाकण लागेनासं होतं आणि कळतं, अरे, याची तर खीर होईल! आमच्या भजनी मंडळातल्या बायकांचे किस्सेही असेच साठतात. यंदा अधिक महिन्यात आम्ही बोटीवर गेलो आणि डबा काठोकाठ भरला.

बोट म्हणजे गोदावरीतली होडी नव्हे हो. क्रूझ! मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं आणि मुंबईलाच परत. आम्ही नांदेडच्या काही जणी, आणि लातूरहून माझ्या नणंदबाई, नलूवन्सं. सगळ्या हौसेनं निघालेल्या. कामासाठी निघालेली एकटी अर्धापूरची सुमन. गाडीत बाकीच्यांच्या मांडीवर पर्स, सुमनच्या मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात तेहतीस अनारसे.

अधिक महिन्यात लेकीला आणि जावयाला लक्ष्मीनारायण मानतात. तेहतीस अनारशांचं वाण, त्यावर तुपाचा दिवा, असं जावयाच्या हाती देतात. सुमनला जावई आहे. पण तिच्या रेणुकानं स्वतःच्या मनानं, जातीबाहेर लग्न केलं, आणि सुमनच्या मालकांनी, म्हणजे भुजंगरावांनी, विषय दोन वाक्यांत संपवला. "तो माझ्या दारात येणार न्हाई, अन् तू त्याच्या दारात जाणार न्हाईस. माझी शपथ हाय तुला."

अधिक महिना येतो तिसऱ्या वर्षी. लग्नानंतरचे दोन कोरडे गेले. सुमन शपथ मोडणारी नाही, पण वाण चुकवणारीही नाही. म्हणून तिनं तोड काढली.

"ताई, गोदामाय नांदते कुठं?"

"समुद्रात," मी म्हटलं.

"मग समुद्र आपला जावईच की! त्याला देते वाण."

"अगं, गोदामाय तर माय. लेक कशी होईल?"

"म्हातारपणी माय लेकच होते की."

माझा मुलगा शाळेत भूगोल शिकवतो, तो तिथंच चहा पीत होता. तो म्हणाला, "सुमनमावशी, गोदावरी पूर्वेच्या समुद्राला मिळते. तुम्ही पश्चिमेच्या समुद्रावर चाललात."

सुमननं जरा विचार केला. "मग ह्यो त्याचा भाऊ असंल. घरात कुणाच्याबी हातात दिलं तरी पोचतंच!"

भुजंगरावांनीही हरकत घेतली नाही. "समुद्राला दे म्हणं. तो काय आपल्या दारात येऊन बसणार न्हाई."

*

बोटीच्या बाबतीत आमच्यात सीनियर नलूवन्सं. त्यांच्या मालकांचं, आमच्या भाऊजींचं, लातूरला खत-बियाण्याचं दुकान. मुलं लहान असताना एका कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना सिंगापूरच्या क्रूझवर नेलं होतं. तेव्हा आमच्याकडे क्रूझ हा शब्दसुद्धा कुणाला नीट म्हणता येत नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी कॅप्टनसोबत जेवण. कोट कंपल्सरी! आता खतवाल्याकडे कोट कुठला? प्रत्येकानं आपापला लग्नातला नेलेला. बटणं लागेनात. सगळे दुकानदार पोट आत ओढून, समोरच्या काट्या-चमच्यांकडे बघत, सत्यनारायणाला बसल्यासारखे ताठ बसलेले.

भाऊजींना घाम आला. रुमालासाठी त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर टेबलावर अक्षता सांडल्या. लग्नातल्या!

वाढणाऱ्या गोऱ्या पोरीनं वाकून विचारलं, हे काय?

भाऊजी म्हणाले, "राइस. व्हेज राइस."

*

त्या बोटीवर वन्संच्या खोलीत भिंतभर मखमली पडदा होता. पहिल्या सकाळी अंघोळ करून, समुद्राला नमस्कार करायचा म्हणून त्यांनी तो सरकवला. मागे भिंत! कंपनीनं दिलेली खोली आतल्या बाजूची, तिला खिडकीच नव्हती. तरी वन्सं रोज सकाळी पडदा सरकवत होत्या.

"आता कशाला सरकवायचा?" मी विचारलं.

"वैनी, आशा सुटत न्हाई ना!"

परत येताना त्या आधी नांदेडला, माहेरी आल्या. आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या, समुद्र ओलांडला की माणूस बाटतं असं मानणाऱ्या. त्यांनी लेकीला उंबऱ्याबाहेर थांबवलं. डोक्यावर गोदावरीचं पाणी शिंपडलं, तोंडात तुळशीचं पान दिलं, मगच आत घेतलं. दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "नले, मासे कसे दिसतात गं तिथं?"

"मासे कुठले आई, खोलीला खिडकीच नव्हती."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मासेबी बघितले न्हाईस? मग एवढी बाटलीस कशाला!"

*

आता बाटण्याचा प्रश्न नाही, कोटाचाही नाही. मुंबईतच चढायचं. पण तपासणी मात्र विमानतळासारखी. पिशव्या मशीनमधून जाऊ लागल्या आणि सुमनचा डबा मध्येच थांबला.

तिथली मुलगी नम्रपणे म्हणाली, "काकू, घरचं खाणं वर नेता येत नाही. इथं ठेवून जा, परत आल्यावर मिळेल."

"मी खाणार न्हाई गं बाई. जावयासाठी हाय."

"जावई बोटीवर आहेत का?"

"न्हाई, बोटीच्या खाली हाय."

मुलीचा चेहरा असा पांढरा पडला! मी पुढं होऊन समुद्र, गोदावरी, अधिक महिना, सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं, "समुद्रात तर काहीच टाकता येत नाही काकू. दंड होतो."

डब्याला लेबल लागलं आणि तो मागे राहिला. आम्ही सगळ्या हसत जिना चढलो. सुमन मात्र दोन्ही हात पुढं धरून चढत होती. डबा अजून हातात असावा तशी.

तेवढ्यात भुजंगरावांचा फोन. "दिलं का वाण?"

"अजून न्हाई."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

*

हा माझा स्वतःचा किस्सा, म्हणून लवकर सांगून टाकते.

अधिक महिना पुरुषोत्तमाचा. पूजेत खंड नको म्हणून मी देवघरातला रांगता बाळकृष्ण रेशमी पिशवीत घालून आणला होता. बोट सुटण्याआधी सगळ्यांना एका हॉलमध्ये जमवलं, संकट आलं तर काय करायचं ते शिकवलं. प्रत्येक माणसाला जॅकेट आहे, म्हणाले. माझ्या मनात आलं, बुडायची वेळ आली तर मी तरंगेन, आणि हा पितळेचा, सरळ तळाला जाईल!

मी तिथल्या अधिकाऱ्याजवळ गेले. "लहान मुलांचं जॅकेट मिळेल का?"

"मिळेल ना. मूल किती वर्षांचं आहे?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "द्वापरयुगातलं आहे."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. आधी हसला, मग त्याचे हात आपोआप जुळले. म्हणाला, "आई, ह्याला कशाला जॅकेट? ह्याच्या भरवशावर तर आम्ही बोट काढतो."

*

नलूवन्संच्या खोलीला आता खिडकी होती. पण खोलीत शिरल्यावर त्यांनी आधी बाथरूम गाठलं. रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरचं माणूस! नळाला पाणी दिसलं की भरून ठेवायचं. बादली नव्हती म्हणून त्यांनी कचऱ्याचा डबा धुऊन भरला, पेले भरले, चहाची किटली भरली.

"वन्सं, आपण पाण्यातच आहोत हो!"

"खालचं खारं हाय, वैनी. अन् नळाचा काय भरवसा?"

खोली आवरणारा पोरगा येऊन सगळं ओतून जायचा. वन्सं पुन्हा भरायच्या. दोघांनीही हार मानली नाही. तिसऱ्या वेळी त्यानं एक गंमत केली. तिथं टॉवेलाची जनावरं करून ठेवायची पद्धत आहे. त्यानं टॉवेलांचा हत्ती केला आणि सोंड पाण्याच्या डब्यात सोडून दिली.

वन्संनी बघितलं मात्र, "अगं बाई, गणपती!" म्हणून हळदकुंकू वाहिलं. साखर ठेवली. आरती झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाथरूममधून हाक आली, "वैनी, तुमचा टॉवेल द्या."

"तुमचे कुठं गेले?"

"बसलेत न्हवं का! विसर्जन केल्याशिवाय अंग कसं पुसू?"

*

जेवणाच्या हॉलमध्ये उपवासाची खिचडी होती, कांदा-लसूण नसलेली भाजी होती, वरण-भात होता. गुजराती, मारवाडी, आपली माणसं, लेकरं, म्हातारे. संध्याकाळी डेकवर गाणी लावणाऱ्या मुलानं अर्धा तास आमच्या भजनाला दिला, आणि पोहणारी मुलं ओल्या अंगानं टाळ्या वाजवत बसली. मला तर मंगल कार्यालयात आल्यासारखंच वाटत होतं.

वन्संनी मात्र टाळ खाली ठेवले. म्हणाल्या, "त्या टायमाला लई लाजले होते मी. काटा धरता येईना, बोलता येईना. आपण बोटीसारखं व्हावं म्हणून धडपडत होतो. आता बोटच आपल्यासारखी झाली. बरं वाटतंय. पण वैनी, घाबरायला काही उरलं न्हाई बगा."

घाबरायला उरलं नाही, हे खरं. सासूबाई समुद्राला घाबरल्या, वन्सं काट्या-चमच्याला. आम्ही कशालाच नाही. मग माझी नजर सुमनकडे गेली. ती कठड्याला धरून उभी होती, पदर कमरेला खोचलेला, हात रिकामे. खाली पाणी उसळत होतं.

मी जवळ गेले. "मनातल्या मनात दे वाण. देवाला पोचतं."

"देवाला पोचतं, ताई," ती म्हणाली. "जावयाला न्हाई पोचत."

मी पिशवीतून बाळकृष्ण काढून तिच्या ओंजळीत ठेवला. सूर्य पार बुडेपर्यंत ती त्याला धरून उभी होती.

*

परत मुंबईला उतरलो. त्याच मुलीनं लेबल बघून डबा दिला. "घ्या काकू, आहे तस्सा आहे."

बाहेर एका बाकावर सुमन डबा घेऊन बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "समुद्रानंबी परत पाठवलं गं."

नलूवन्संनी बाकावर बैठक मारली. "परत पाठवलं न्हाई. पत्ता चुकला म्हणून परत आलंय! पार्सल परत आलं की काय करतात? बरोबर पत्त्यावर पाठवतात. रेणुका राहते कुठं?"

"कल्याणला. पण ह्यांची शपथ हाय. त्याच्या दारात जायचं न्हाई."

"अन् त्यानं तुमच्या दारात यायचं न्हाई. हाव ना?" वन्संनी बाकावर हात आपटला. "ह्या बाकाला दार हाय का?"

सुमन बाकाकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढला. नंबर लावून दे म्हणून तो माझ्या हातात दिला.

आमची गाडी संध्याकाळची होती, वेळ भरपूर होता. रेणुका टॅक्सीतून उतरली ती धावतच. तिच्या मागून जावई, अमोल त्याचं नाव, चष्मा पुसत, कुठं बघावं ते न कळून. मायलेकींचं काय झालं ते मी सांगत नाही. वन्संसुद्धा पाठ करून समुद्राकडे बघत होत्या, आणि या वेळी मध्ये पडदाही नव्हता.

बाकावर माझी रेशमी पिशवी अंथरली. साक्षीला बाळकृष्ण. तुपाचा दिवा वाऱ्यानं टिकेना, तर रेणुकानं ओढणीचा आडोसा धरला. सुमननं अमोलला कुंकू लावलं, डबा त्याच्या हाती दिला आणि वाकून नमस्कार करायला लागली. तो दचकून मागेच सरला. "मामी, हे काय! तुम्ही मोठ्या आहात."

"आज तू नारायण हाईस बाळा. गप उभा राहा."

मग तिनंच एक अनारसा त्याच्या तोंडाशी नेला. तेवढ्यात फोन वाजला. भुजंगराव. सुमनचे हात तुपाचे, म्हणून मी फोन घेतला आणि गडबडीत स्पीकर लागला.

"उतरलात का? दिलं का वाण?"

सुमननं समोर बघितलं. अमोल अनारसा खात होता, खसखस शर्टावर सांडत होती.

"दिलं."

"घेतलं का समुद्रानं?"

"हाव. घेतलं." तिनं दुसरा अनारसा उचलला. "खाऊन राहिलाय."

फोनमधून भुजंगरावांच्या केळीच्या बागेतली मोटार चालू असल्याचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"नुसतं वाण देत नसतात जावयाला," भुजंगराव म्हणाले. "वर दक्षिणा ठेव. माझ्या नावानं."