लाल सायकलवाल्याला बेसनाचे लाडू

पैज लावा, यातला एक शब्द तुम्हाला खरा वाटायचा नाही. माझ्या सुनेलाही वाटत नव्हता, आणि ती तर तिथे हजर होती! घ्या, आधी चहा घ्या.

तर आमचा सुधीर. बँकेत आहे, पोट हे एवढं, आणि चाळिशी उलटल्यावर सायकलचं वेड लागलं. इथे कुवेतला, रिग्गई भागातल्या चार-पाच जणांची टीम आहे त्यांची. दर शुक्रवारी पहाटे घट्ट चड्ड्या घालून निघतात. बघवत नाही हो!

दिवाळी झाली, कुवेतची हवा जरा नरमली की त्यांची शर्यत असते. सायक्लोक्रॉस का कायसं. चांगला रस्ता सोडून वाळूतनं सायकल हाणायची. मधे मुद्दाम आडव्या फळ्या लावलेल्या. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची नि पळायचं! मी म्हटलं, "अरे, खांद्यावरच न्यायची तर घरात का नाही पळत?"

सुधीर दरवर्षी शेवटचा. नाहीतर त्याच्याच टीममधला जॉर्ज. केरळचा, असाच गोलमटोल. यंदा सुनेनं, मनीषानं बजावलं, "शेवटचा आलास तर सायकल विकायची. बाल्कनीत मला कपडे वाळत घालायला जागा नाही." पोरगं धड जेवेना.

आता आईच मी! ठरवलं, जॉर्जला मागे पाडायचा.

तसं बघू नका माझ्याकडे. मारणार नव्हत्ये त्याला. दिवाळीचे बेसनाचे लाडू घेतले डबाभर. पाण्याशिवाय खाऊन बघा कधी! टाळूला असा बसतो की बोलणं विसरा, श्वास घेता आला तरी नशीब. आणि जॉर्ज गुणी, माझ्या हातचं कधी नाही म्हणत नाही.

फळ्यांपाशी खुर्ची टाकून बसल्ये. सगळ्यांचे कपडे सारखे, डोक्याला टोप, डोळ्यांना गॉगल, नाकाला फडकं, वर धुळीचं लिंपण. ओळखायचं कसं? सायकलवरनं! सुधीरची काळी, जॉर्जची लाल.

आली लाल सायकल. गडी उतरला तसं मी फडकं खाली ओढलं नि लाडू कोंबला.

"खाओ बेटा! ताकद आयेगा!"

तो हातानं नको नको करतोय.

"शरमाने का नहीं!" अजून एक.

मग काळी आली. "पळ रे माझ्या राजा!" गार पाणी पाजलं, पाठ थोपटली, सायकल उचलायला हातभारसुद्धा लावला. शिट्टीवाला ओरडला, "नो, नो, मॅडम!" मी म्हटलं, "येस, येस!"

दर फेरीला हेच. काळी सुसाट, लाल पार मेटाकुटीला. शेवटी तर गडी फळीवरच बसला. मला दया आली. म्हटलं दमला असेल, दिला अजून एक लाडू.

शर्यत संपली. काळी पुढे, लाल शेवटी! मी मनीषाला म्हटलं, "बघ, वाचली तुझ्या नवऱ्याची सायकल!"

काळ्या सायकलवाल्यानं टोप काढला. जॉर्ज! धावत येऊन पाया पडला. "अम्मा, मेरी खुद की माँ भी इतना प्यार नहीं करती!"

म्हंजे लाल सायकलवर कोण?

सुधीरनं अख्खी बाटली घशात ओतली तेव्हा कुठे तोंड मोकळं झालं. म्हणाला, "आई, तू माझ्याशी हिंदीत का बोलत होतीस गं?"

झालं असं, मी गाडीत डबा शोधत होत्ये तेव्हा सुधीरच्या सायकलची चेन सारखी उतरायला लागली. जॉर्ज म्हणाला, "माझी घे, चेनचं मी बघतो. भाभी खरंच विकून टाकतील तुझी!" असा सोन्यासारखा माणूस, आणि मी त्याच्यासाठी सापळा लावून बसलेली!

मनीषानं रिकामा डबा बघितला, माझं तोंड बघितलं, नि तिला सगळं उमगलं. वाळूत बसून डोळ्यांतनं पाणी येईतो हसली. "जाऊ दे. हा काही आपल्या पायानं शेवटचा आला नाही. सायकल राहू दे, जागा मी दुसऱ्या कुणाची तरी रिकामी करते."

आणि रात्री माझं रत्नांग्रीला परतायचं तिकीट काढून मोकळी!

दात काय काढताय? संपला ना चहा? मग निघा आता, जा! मला बॅग भरायचीय.