चाळीसावं पत्रक

आमचे मेंबर बोलता बोलता मधेच शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवायचे. तुम्हाला वाटेल, मोबाईल वाजला. मोबाईल त्यांच्या पँटीच्या खिशात. वरच्या खिशात बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी असायची, आणि ती फुटून फुटून त्यांच्या प्रत्येक पांढऱ्या शर्टाचा खिसा हळदीनं पिवळा झालेला. "सबूद हितं हाय, गड्या," ते म्हणायचे.

ते पंचायत समितीचे मेंबर. मी विट्यात छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, आणि निवडणूक लागली की सगळ्या पक्षांची पत्रकं. त्यामुळं उमेदवार नावाचा प्राणी मी फार जवळून पाहिला आहे. प्रत्येकाला आपला फोटो मोठा हवा असतो. मेंबर तेवढे म्हणायचे, "बारका टाक. लोकांनी मला बगितलंय."

त्या भंडाऱ्याची गोष्ट अशी. पहिल्या निवडणुकीत माळावरच्या एका धनगरवाडीनं त्यांना सुनावलं होतं, की पाण्याचं वचन देऊन गेलेले मेंबर आम्ही पुष्कळ बघितले. तेव्हा यांनी बिरोबाच्या देवळात भंडारा उचलला. "वाडीत नळाला पानी आल्याबिगर मत मागाया हितं येनार न्हाई." आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे कोर्टाच्या निकालापेक्षा पक्का. वाडीनं त्यांना भरभरून मतं दिली आणि ते निवडून आले.

पाणी आलं, पण खालच्या गावांना. वाडी चढावर. पाइप पायथ्याशी येऊन थांबला, आणि वरची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर हिंडत राहिली. मुदत संपली, निवडणूक लांबत गेली आणि शेवटी एकदाची लागली, तरी वाडीचे नळ कोरडेच होते.

या वेळची लढत अटीतटीची होती. वाडीची दोनशे मतं ज्याला, तो निवडून येणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. कार्यकर्ते मेंबरांच्या हातापाया पडले. "आवं, एकडाव तरी वाडीला चला." मेंबरांनी फक्त खिशावर हात ठेवला. एकजण वैतागून म्हणाला, "शपथ घिऊन कोन निवडून येतंय?" तेव्हा ते एवढंच बोलले, "मी आलोवतो की."

आणि घोटाळा केला तो मी. गावोगावची पत्रकं मी दुधाच्या टेंपोतून पाठवायचो. मागच्या वेळची गावांची यादी समोर ठेवून गठ्ठे बांधले आणि सवयीनं वाडीचाही गठ्ठा बांधला. घरटी एक, चाळीस पत्रकं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी सकाळी नऊला फोन आला. "गड्या, वाडीला कागद कुनी धाडलं?"

पत्रकावर त्यांचा फोटो आणि खाली ठळक ओळ : आपलं बहुमोल मत मलाच द्या, ही नम्र विनंती. म्हणजे मत मागून झालं होतं. विरोधकांच्या पोरांनी तेवढ्यात 'भंडारा खोटा केला' म्हणून व्हिडिओही फिरवला होता.

"मोटरसायकल काढ. कागद माघारी आनायचं," मेंबर म्हणाले.

आम्ही वाडीत पोचलो तेव्हा देवळापुढं माणसं जमलेली. कुणी 'या' म्हटलं नाही. विरोधकांचा एकजण मोबाईल रोखून उभा. मेंबरांचे हात नमस्काराला वर आले आणि अर्ध्यातच थांबले. प्रचारात उमेदवारानं हात जोडले की मत मागितलं असाच अर्थ होतो. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. मी ओरडून सांगितलं, "चूक माझी आहे हो!" मेंबर माझ्याकडं न बघता म्हणाले, "चूक तुजी, पर फोटू माजा हाय."

मग ते घरोघर गेले. "कागद चुकून आलाय. माघारी द्या." बस्स, एवढंच. एका घरात पत्रकावर मिरच्या वाळत होत्या, त्या झटकून दिल्या. एका पोरीनं त्याची भिंगरी केली होती, ती मी उलगडून घेतली. उमेदवार आपलीच पत्रकं गोळा करत फिरतोय, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण हसण्याची कुणाची छाती नव्हती.

एकोणचाळीस परत आली. शेवटच्या घरी एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली.

"कागद देनार न्हाई," ती म्हणाली.

"आजे, दी की."

"तू मत मागाया आलायस व्हय?"

"न्हाई."

"मग जा. माज्या घरात आलेला कागद माजा."

मोबाईलवाला दोन पावलं पुढं सरकला. 'लक्ष असू द्या' एवढे तीन शब्द उमेदवाराच्या तोंडातून झोपेतही निघतात. ते निघाले असते तर सगळंच संपलं असतं. मेंबरांनी पिवळ्या खिशावर हात ठेवला, म्हातारीकडं क्षणभर पाहिलं आणि वळले.

मेंबर बासष्ट मतांनी पडले. वाडीच्या केंद्रावर विरोधकाला सतरा मतं आणि दीडशेवर 'नोटा'. मेंबरांना एक.

मी संतापलो. म्हटलं, "एवढं करून वाडीनं तुम्हाला पाडलंच!"

"पाडलं न्हाई रं. मी मागितलं न्हाई, त्येंनी दिलं न्हाई. मला मत दिलं आसतं तर त्या कागदानं मागितल्यागत झालं आसतं, माजीच शपथ मोडली आसती. आन दुसऱ्याला द्यावं वाटंना. भंडारा त्येंनीबी पाळला." मग म्हणाले, "पर त्ये एक मत लय जड हाय बग."

पद गेलं तरी ते वाडीची फाइल घेऊन कचेरीत जात राहिले. पूर्वी त्यांना बघून उठून खुर्ची देणारी माणसं आता बाकाकडं बोट दाखवायची. ते बाकावर बसायचे. श्रावणात एका सकाळी घरातच छातीत कळ आली आणि गेले. त्यांच्या मातीला अख्खी वाडी खाली उतरली होती.

कार्तिकात वाडीत नळ आला.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेंपोवाल्यानं माझ्या टेबलावर कागदाची एक घडी ठेवली. ते चाळीसावं पत्रक होतं. पत्रकाखाली छापखान्याचं नाव, पत्ता घालावाच लागतो, त्यावरून म्हातारीनं कुणाकडून तरी पत्ता वाचून घेतला होता.

"आजी नळावर हांडा भरत हुती. म्हनली, आता मत मागाया यायला हरकत न्हाई, असं मेंबरला सांगा," टेंपोवाला म्हणाला. "मी म्हनलं, आजे, तू तर मातीला आलीवतीस की. तर म्हनली, ठाव हाय मला. तरीबी सांगा."

मी घडी उलगडली. फोटो बारका, त्यांनी सांगितला होता तसाच. छपाई काळी-पांढरी. फोटोतल्या शर्टाच्या खिशावर भंडाऱ्याचं एक पिवळं बोट उमटलेलं होतं, आणि कागद अजून ओला होता.