मागे थांबलेली रिक्षा

सकाळी कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये घडीची सायकल घेऊन चढणारं माणूस एकच, मंगळवार पेठेतली अवंतिका. हातकणंगल्याच्या शाळेत ती भूगोल शिकवते. सायकल दुमडली की मोठ्या बॅगेएवढी होते. ती दाराजवळच्या कोपऱ्यात उभी करायची, एक हात तिच्यावर ठेवायचा आणि बाहेर बघत राहायचं, असा तिचा प्रवास. जागा रिकामी असली तरी ती बसत नाही. सायकल घरंगळते म्हणे. खरं तर हाक मारून तिला जागा देणारं गाडीत कुणी उरलेलं नाही.

पूर्वी होतं. चौघीजणी एका डब्यातून जायच्या, हातकणंगल्याला उतरून आकारामच्या वडापच्या, म्हणजे माणसं भरली की निघणाऱ्या, रिक्षात बसायच्या. त्यांतली आरोग्य केंद्रातली नर्स मोना तोंडाने तिखट, पण डब्यातली भाकरी आधी दुसरीला देणारी. शाळा, बँक, दवाखाना सगळं एकाच रस्त्यावर, पण स्टेशनपासून लांब. चौघी आल्याशिवाय रिक्षा हलायची नाही आणि दररोज उशीर व्हायचा तो अवंतिकामुळे. गाडीतून उतरली की ती लिंबाच्या झाडाखाली थांबून घरी वडिलांना फोन करायची. त्यांना ऐकू कमी यायचं. कुठली गोळी घेतली, कुठली राहिली, हे ओरडून विचारता विचारता वेळ जायचा. एक दिवस मोना सगळ्यांदेखत म्हणाली, "एकीपायी चौघींनी रोज बोलणी खायची व्हय?"

मोना बोलून विसरली असेल. कोल्हापूरच्या माणसाचं बोलणं तसंच असतं. अवंतिका मात्र विसरली नाही. तिच्या नाकावर रागाला कायमची बैठक. त्याच रात्री तिने फोनमधून मोनाचा नंबर काढून टाकला आणि त्याच महिन्यात घडीची सायकल घेतली. आता कुणाचं मिंधं व्हायला नको, कुणाला आपल्यासाठी थांबायला नको. सायकल ठेवायला दाराजवळची जागा हवी म्हणून डबाही बदलला.

पावसाळ्यात वडील गेले. मोना घरी येऊन तास-दोन तास बसून गेली. जाताना म्हणाली, आता चल की आमच्यासंगं. अवंतिका म्हणाली, सायकल बरी पडते मला. तेवढं एक वाक्य बोलायला नको होतं, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. वाटून करते काय? रविवारी ती रंकाळ्याला सायकलवरून चक्कर मारायची आणि घरी आली की लक्षात यायचं, सकाळपासून आपण फक्त दूधवाल्याशी बोललो.

त्या रिक्षाचा तिला फार राग यायचा. रोज ती लिंबाखाली सायकल उलगडत असायची, तेव्हा रिक्षा माणसं भरूनही मागे इंजिन चालू ठेवून उभी असायची. पाठीवर सगळ्यांचे डोळे आहेत असं वाटून तिचे हात गडबडायचे, घडीची कडी लागता लागायची नाही. आपली गंमत बघत बसतात, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. मागे न बघता ती निघायची, मगच रिक्षा हलायची आणि तिला ओलांडून पुढे जायची. दिवाळीपासून मोना रिक्षात दिसत नव्हती; बाकीच्या दोघीही एव्हाना दुसरीकडे बदलून गेल्या होत्या. अवंतिकाने कुणाला विचारलं नाही.

मग सायकलची घडीची जागा खिळखिळी झाली, चालवताना करकरायला लागली. उद्यमनगरात पिराजीचं वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉलीपासून देवळाच्या गेटापर्यंत त्याने काय जोडलं नाही! अवंतिकाने सायकल उलगडून त्याच्यापुढे उभी केली, इथं फार हलतंय, पक्कं करून द्या म्हणाली आणि बाजारात गेली. परत आली तेव्हा पिराजी सायकलवर उभा राहून दाखवत होता.

"आता हत्ती बसू दे बाई, हालत न्हाय."

घडीच्या जागी वेल्डिंगची जाडजूड शिवण चमकत होती. सायकल दुमडायची असते, हे तिने सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. ती समजावून सांगायला लागली तसा त्याचा चेहरा पडला. हलत हुतं म्हणून जोडलं की, असं तो पुटपुटला. तिला त्याच्यावर रागावताही येईना. सायकल हातात धरून ती घरापर्यंत चालत आली.

सोमवारी ती रिकाम्या हाताने हातकणंगल्याला उतरली. शाळा चालत गाठण्यासारखी नव्हती. मान खाली घालून ती आकारामच्या रिक्षापाशी गेली. आत तीन अनोळखी माणसं होती, चौथी जागा रिकामी होती.

आज सायकल न्हाय व्हय मॅडम, असं आकारामने विचारलं. मोडली, एवढंच ती म्हणाली. मग राहवलं नाही, म्हणून तिने मोनाची चौकशी केली.

"त्यांची बदली झाली की दिवाळीत, चंदगडला. तुमास्नी म्हाईत न्हाय?" आकारामला नवल वाटलं. "जाताना मला बजावून गेल्यात. मॅडमची सायकल चालू झाल्याबिगर रिक्षा काढायची न्हाय. कडी बसली न्हाय तर बाई हितंच अडकायच्या, आन् मरंस्तवर कुणाला हाक मारायच्या न्हाईत. आधी त्या स्वतः थांबवायच्या, आता मी थांबतो. ह्यी पावणं रोज वरडत्यात माझ्यावर."

पावण्यांपैकी एकाने मान हलवली. अवंतिका आत शिरून कडेला सरकून बसली. आकारामने रिक्षा चालू केली आणि पुन्हा बंद केली.

"फोन करायचा आसंल न्हवं? तुमी हितं उतरल्यावर करायचा. करा की, थांबतो."

तिने पर्समधून फोन काढला. वडिलांचा नंबर अजून सगळ्यात वर होता. मोनाचा नंबर तिनेच काढून टाकला होता. आत सगळे तिच्याकडे बघत होते, पण आज कुणी ओरडत नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "चला."