प्रकाशवर्ष, ईटच्या वाटेवर

लग्नानंतर लोहाऱ्यात राहून मी शिक्षक होण्यासाठी टीईटीचा अभ्यास करत होते, तेव्हा माझी उजळणी घ्यायचं काम सासऱ्यांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यांना मी मामा म्हणते. ते एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. दुपारची जेवणं आटोपली की ते चष्मा लावून गाईड उघडायचे. मी समोर बसून तूर निवडत उत्तरं द्यायचे. बरोबर आलं की ते म्हणायचे, "पुढं." चुकलं की नुसतं चष्म्यावरून बघायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "प्रकाशवर्ष हे कशाचं एकक आहे?"

"अंतराचं."

मामा "पुढं" म्हणाले नाहीत. त्यांनी मागचं उत्तरांचं पान काढलं. तिथंही अंतरच छापलं होतं.

"पुस्तक चुकलंय," ते म्हणाले. "वर्ष म्हंजे काळ. वर्षानं लांबी कशी मोजायची?"

"प्रकाश एका वर्षात जितका लांब जातो तितकं अंतर. साडेनऊ लाख कोटी किलोमीटर."

"हे तू पाठ केलंस. मला समजंल असं सांग."

सूप हलवता हलवता मला एक सुचलं.

"मामा, माझं माहेर इथनं किती लांब आहे?"

"ईट व्हय? चार तास."

"बघा, मी लांबी विचारली आणि तुम्ही तास सांगितले."

मला वाटलं, पटलं त्यांना. पण ते म्हणाले, "ते चार तास कुणाचे पर? स्वतःची जीप असंल तर तीनच लागत्यात. पावसात आमाला पाच लागायचे. मग ईट काय जवळ-लांब होतंय? म्हणून तर तिकिटाला तास चालत न्हायत, टप्पे लागत्यात, सा-सा किलोमीटरचे."

संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला, त्याला विचारलं. "परीक्षेत अंतर लिही आणि मोकळी हो," तो म्हणाला. मामांना ते चाललं नसतं, आणि एव्हाना मलाही चालत नव्हतं.

पुढं ज्वारीच्या काढणीत माझ्या भावाच्या मुलीचं बारसं निघालं. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून मामा सोबत आले. धाराशिवला आम्ही गाडी बदलली. तासाभरानं गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली पलटी झाली होती. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ताभर ऊस पसरला होता. माणसं उतरून मोळ्या बाजूला ओढू लागली. मामाही गेले. बऱ्याच वेळानं हात झाडत परत आले.

"तुझं ईट आज सात तासांवर गेलं बघ," ते म्हणाले.

मी बाभळीखाली उभी होते. कापलेल्या कडब्यावर उतरतीचं ऊन पसरलं होतं. त्याच्याकडं बघता बघता मला एकदम उमगलं.

"मामा, उजेडाला ट्रॉली आडवी येत नाही."

"म्हंजे?"

"जीपचा वेग वेगळा, गाडीचा वेगळा, पावसातला वेगळा. म्हणून आपले तास भरवशाचे नाहीत. पण वर मोकळ्या जागेत उजेडाचा वेग कधीच बदलत नाही. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. कुठं थांबा नाही, उशीर नाही. म्हणून त्याला किती वेळ लागला यावरनं लांबी सांगता येते."

मामांनी वर बघितलं. "सूर्य किती लांब मग?"

"उजेडाच्या आठेक मिनिटांवर."

"आन् चांदण्या?"

"सूर्य सोडला तर सगळ्यात जवळची सव्वाचार वर्षांवर."

"सव्वाचार वर्षं, आन् कुठं न थांबता." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "किलोमीटर लिहाय गेलं तर शून्यंच शून्यं व्हतील."

"म्हणूनच वर्षं सांगतात."

"पुढं," मामा म्हणाले.

ईटला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. अंगणात पाय धुता धुता मामांनी पश्चिमेची ठळक चांदणी दाखवली. "ही किती वर्षांवर?"

"तो शुक्र आहे, ग्रह. काही मिनिटांवरच."

एवढी लखलखीत आणि इतकी जवळची, हे त्यांना फारसं आवडलं नसावं. मग मी दक्षिणेकडचा व्याध दाखवला. "हा साडेआठ वर्षांवर."

मामांचा तोंड पुसणारा हात थांबला. "म्हंजे आत्ता दिसतोय हा उजेड तिथनं निघाला, तवा मी ड्युटीवर व्हतो."

"व्हय."

आईनं आतून चहाला हाक मारली. "आलो," ते म्हणाले, पण टॉवेल खांद्यावर टाकून तिथंच उभे राहिले. मी आत जाऊन वहिनीकडून बाळ घेतलं.

परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. निकालात मी पास झाले. पेपरच्या दिवशी घरी येऊन मामांना तो प्रश्न आला नाही म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले, "न्हाय आला तर न्हाय. आपल्याला कळलं न्हवं?"