उजव्या बाजूची ताई

कवळ्या बनवणाऱ्या बाईला स्वप्नात दात दिसतात का, असं धाकटीला ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी विचारलेलं आहे. नाही दिसत. दिवसभर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या आणि परक्यांच्या बत्तिशा हाताळून ती घरी निघायची, तेव्हा तिच्या डोक्यात फक्त गिटार वाजत असायची. तीही अर्धीच.

अर्धी कशी, ते सांगायलाच हवं. धाकटी आणि तिची ताई, दोघी एकाच बँडच्या मागे वेड्या. बँड मेटलचा. म्हणजे गाणारा घसा खरवडून ओरडणार, ड्रमवाला सूड उगवल्यासारखा बडवणार आणि आई स्वयंपाकघरातून विचारणार, “कुणाला कापताय का गं?” आईचं डोकं उठायला लागलं तेव्हा घरात वायरचा इअरफोन आला. एकच. दोघी डोक्याला डोकं लावून बसायच्या. डावं टोक धाकटीच्या कानात, उजवं ताईच्या. आता या बँडमध्ये गिटारवाले दोन. रेकॉर्डिंगमध्ये एक डावीकडून वाजतो, दुसरा उजवीकडून. त्यामुळे वीस वर्षं दोघी बहिणी एकच गाणं ऐकत होत्या आणि दोघींनी ते वेगवेगळं ऐकलं. धाकटीला डावा तोंडपाठ, ताईला उजवा. त्यावरून भांडणंही व्हायची. “तुझा नुसता भुंकतो,” ताई म्हणायची, “माझा बोलतो.” तरी टोकं बदलून बघावीत असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. इतकी वर्षं झाली की सवयीचा हक्क होतो.

ताई शाळेची व्हॅन चालवायची. रुंद हाडाची, हसली की खांदे गदागदा हलायचे. कुणी गाडी आडवी लावली तर खाली उतरून, त्याच्या हातातून किल्ली घेऊन, स्वतः ती गाडी सरळ लावून द्यायची आणि वर “शिकायला कधीपासून येताय?” असं विचारायची. शेवटचं पोर घरी सोडलं की व्हॅनच्या काचा वर आणि आवाज टिपेला. अशा बाईला रक्ताचा आजार व्हावा, हे धाकटीला आजही पटत नाही. कुणा दुसऱ्याची फाइल चुकून ताईच्या नावावर आली असावी, असं तिला पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

बँड तेव्हा कितीतरी वर्षं गप्प होता. इस्पितळाच्या खाटेवर ताई एकदा म्हणाली, “नवीन गाणं येणार बघ. आणि माझ्याशिवाय ऐकलंस ना, तर मानगुटीवर बसेन.”

“आत्ता काय खांद्यावरून उतरलीयेस का?” धाकटी म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या की नर्सने येऊन डोळे वटारले. ताई त्याच महिन्यात गेली. आणि बोलल्याप्रमाणे बसली मानगुटीवर.

भूत म्हणजे पांढरे कपडे, उलटे पाय, असलं काही नाही. धाकटी कामावर डावं टोक कानात घालायची, उजवं छातीवर लोंबायचं. कधी ते खणाच्या मुठीत अडकायचं आणि वायरला हिसका बसायचा. ताईने मान वळवली की बसायचा, अगदी तसा. धाकटी “काय गं?” म्हणून उजवीकडे बघायची. तिथे फडताळावर ओळीने कवळ्या मांडलेल्या, सगळ्या दात काढून हसत असायच्या. पॉलिश करणारे काका थट्टा करायचे, “दुसरा कान कुणासाठी राखून ठेवलायस?”

“तुमच्या बडबडीसाठी.”

काकांना ते खरं वाटायचं. खरं हे होतं की ते टोक कानात घालायला तिचा हात धजत नव्हता. घरी ऐकायला बसली की ती ते ताईच्या उशीवर ठेवायची. आईने हे पाहिलं होतं. दर आठवड्याला त्या रिकाम्या खाटेवरची चादर ती न चुकता बदलायची.

आणि मग गाणं आलं. आधी कुठे चाहूल नाही, जाहिरात नाही. कारखान्यात मेण वितळवताना तिचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. चाहत्यांच्या गटात एक मिशीवाला होता, फोटोत नुसती मिशीच दिसायची; त्याने लिहिलं होतं, “ऐकलंस? मधला भाग ऐकून रडलो. एवढा घोडा झालो तरी ढसाढसा रडलो.” धाकटीने फोन बंद करून खणात टाकला. त्या दुपारी तिने एक सुळा घासत घासत इतका बारीक केला की मालकीणबाई म्हणाल्या, “अगं, माणसाचा दात आहे तो. पेन्सिलीला टोक करत्येस का?”

तिला भीती वाटत होती. आजवरचं प्रत्येक गाणं ताईने ऐकलेलं होतं, त्यामुळे ते लावलं की ताई असायची. हे गाणं ताईला ठाऊक नव्हतं. ते ऐकलं की ताईशिवायचं काहीतरी सुरू होणार आणि मग ते वाढतच जाणार. बरं, न ऐकावं, तर बँडचं गाणं आलेलं असताना हातावर हात ठेवून बसलीस म्हणून ताईनेच फाडून खाल्लं असतं. इकडे आड, तिकडे विहीर. दोन दिवस ती जेवली ते चवीशिवाय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन तिने चपला काढल्या, हातावरची प्लास्टरची भुकटी धुतली आणि ताईच्या खाटेवर जाऊन बसली. उजवं टोक उशीवर ठेवलं. डावं कानात घातलं. “ताई, लावत्ये हं,” असं मोठ्याने म्हणाली आणि लावलं.

पहिल्याच फटक्याला तिला हसू फुटलं. म्हातारे झाले होते बिचारे, पण हात तसाच. डावा गिटारवाला जुन्या खोडीने ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळत होता. तिची मान आपोआप हलायला लागली. भीती गेली कुठे ते कळलंही नाही.

आणि एकदम सगळं थांबलं. ड्रम नाही, ओरडणं नाही, गिटार नाही. कानात नुसती पोकळी. तिने टोक दाबून पाहिलं, वायर हलवली. फोनवर सेकंद पुढे सरकत होते. तेवढ्यात तिला उशीकडून बारीक, मुंगीएवढा आवाज आला. ती वाकून उशीला कान लावायला गेली. गाणं तिथे होतं. मधला भाग तिथे होता, सगळाच्या सगळा उजव्या बाजूला, आणि तिच्या वाट्याला काहीच नव्हतं.

“ताई?” ती म्हणाली.

वाळलेले कपडे घेऊन आई दारात उभी होती. किती वेळ होती कोण जाणे. तिने कपडे खुर्चीवर टाकले, खाटेच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली आणि उशीवरचं टोक उचललं. वीस वर्षं जिने त्या आवाजाला शिव्या घातल्या, तिला ते कानात कसं घालतात हेही नीट माहीत नव्हतं. ‘ते ताईचं आहे’, असं धाकटी म्हणणार होती. तोवर आईने ते कानाशी नेलंही होतं.

आईने टोक उलटसुलट करून कसंबसं बसवलं आणि मान खाली घातली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. डोळे मिटले. धाकटीच्या कानात अजून शांतताच होती आणि आईचा चेहरा बघणं तिला सोसवेना.

“आई, काढ ते,” ती म्हणाली. “बंद पडलंय ते.”

आईने डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर केला, मध्ये बोलू नकोस म्हणून.

“बंद कुठे पडलंय?” ती म्हणाली. “इकडे चालूच आहे की गं.”