बारा वर्षांची मुदत

वकीलमामांना राग यायला कारण लागत नसे. कारण मागाहून सापडायचं, आणि बहुधा ते मीच असायचो. भाजीवालीवर ते तेलुगूत चिडत, कचेरीत उर्दूत, आणि माझ्यावर शुद्ध मराठीत. गावाकडून वकिली शिकायला म्हणून मी हैदराबादेत, सुलतान बाजारात, त्यांच्या घरी येऊन राहिलो, त्याच आठवड्यात मी त्यांना भलत्याच खटल्याचे कागद नेऊन दिले. मामांनी तावातावाने अर्धं भाषण केलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्याची बाजू मांडतोय तो माणूस कचेरीतच नाही. घरी येऊन ते मामींना म्हणाले, "हा माझा भाचा नव्हे. समोरच्या पक्षानं फितवून पाठवलेला आहे!"

एका वाक्याने मात्र ते खरेखुरे पेटत. 'देवाची इच्छा' असं कोणी म्हटलं की झालं. "देवाचं वकीलपत्र तुमच्याकडे आहे काय? नसेल तर त्याच्या वतीनं बोलू नका," असं ते बाहेरच्यांनाही सुनवायचे. मला त्यात गंमत वाटायची. मुसी नदीला पूर आला तेव्हा गंमत संपली.

घट नुकतेच बसले होते. मामांची एकुलती मुलगी गोदू नवरात्रासाठी माहेरी आली होती, म्हणून वाचली. तिचं सासर नदीलगतच्या गल्लीत. सकाळी आम्ही धावत गेलो तेव्हा ती गल्ली नव्हतीच. मुसी म्हणजे एरवी धोतर न भिजवता ओलांडावी एवढी नदी. आता तिच्यातून दारं, पाळणे, म्हशी, सगळं सारख्याच वेगानं चाललं होतं. गोदूचे थोरले दीर भाऊराव उंचावर चिखलात बसले होते. ते एवढंच म्हणाले, "दत्तू शेजारच्या म्हातारीला काढायला परत आत गेला. मग भिंत अंगावर आली."

दत्तोपंत, म्हणजे आमचे जावई, फार कमी बोलणारा, हसतमुख माणूस होता. पाणी उतरल्यावर मामा आणि मी त्यांना शोधत काठाकाठानं हिंडलो. काठावर बायका नदीची ओटी भरत होत्या, शांत हो माय म्हणून. एकीनं मामांच्या हातात खण-नारळ दिला. मामांनी तो परत तिच्या ताटात ठेवला. "माझा जावई खाऊन हिचं पोट भरलं नाही? आता वर लुगडं-चोळी पाहिजे?" मी मात्र घाबरून नदीला हात जोडायला वाकलो आणि कमरेपर्यंत चिखलात गेलो. मामांनी मला शेंडीला धरून ओढून काढलं. माझ्या पायाला काहीतरी लागलं होतं. बाहेर काढलं तर दत्तोपंतांची पगडी. तिच्या आतल्या बाजूला गोदूनं घातलेले टाके मी ओळखले. मामांनी ती कोटाच्या आत सारली. "कुणाजवळ बोलायचं नाही," म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

प्रेत सापडलं नाही. महिना उलटला आणि भाऊराव एका शास्त्रीबुवांना घेऊन बैठकीत येऊन बसले. प्रेताऐवजी पळसाच्या पानांचा पुतळा जाळून दत्तोपंतांचा पालाशविधी उरकायचा, आणि मग गोदूचं केशवपन. भाऊरावांनी ते इतक्या सहज सांगितलं, जणू घराला चुना लावायचा आहे. स्वतःचं घर वाहून गेलं, भाऊ गेला, सरकारी अन्नछत्रात जेवायची पाळी आली, तरी या माणसाला घाई कशाची तर सतरा वर्षांच्या पोरीच्या केसांची! आज इतकी वर्षं झाली, पण हे लिहिताना माझी लेखणी कागद फाडते.

मामा चढ्या आवाजात सुरू होतील म्हणून मी कोपऱ्यात सरकलो. पण ते नुसते विचारू लागले.

"शास्त्रीबुवा, बेपत्ता माणसाची वाट किती काळ पाहायची?"

"बारा वर्षं. पण इथे मरण उघड आहे, वकीलसाहेब."

"कुणाला दिसलं? भाऊराव, तुम्ही त्याला मेलेला पाहिलात?"

"भिंत पडताना पाहिली."

"भिंतीचं दिवसपाणी करा मग. आणखी काही पुरावा आहे?"

मामा जिंकत होते. आणि त्यांना मदत करावी या उदात्त हेतूनं मी तोंड उघडलं. "नाही ना! नुसती पगडी तर सापडली!"

दाराआड बांगड्या वाजल्या. मामांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. भाऊराव ताठ झाले. "पाहा! पगडी सापडली!"

"सापडली," मामा म्हणाले. "मग पगडीला अग्नी द्या. आणि पगडीशी जिचं लग्न लागलं असेल तिचे केस कापा. माझ्या मुलीचं लग्न माणसाशी लागलं होतं. तो जिवंत आणा नाहीतर मेलेला आणा. नाहीतर बारा वर्षांनी या."

शास्त्रीबुवांना नियम नाकारता येईना. ते उठले. मला वाटलं, आता माझा नंबर. पण आतून गोदू आली. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, आणि डोळे कोरडे ठणठणीत.

"अप्पा, तुम्हाला ठाऊक आहे ते गेलेत. मलाही ठाऊक आहे. आता मला रडायचीसुद्धा चोरी. बारा वर्षं मी कुंकू कुणाच्या नावानं लावू?"

मामा म्हणाले, "माझ्यावर चिड. रोज चिड. पण डोकं राखून चिड."

ती खरंच चिडली. कित्येक महिने बापाशी बोलली नाही. संक्रांतीला शेजारणी तिला वाण द्यावं की देऊ नये यावर खल करीत. एकीनं तर तिच्या देखत हळदीकुंकवाचं तबक पदराखाली झाकलं. घरी येऊन गोदूनं सगळा राग पाटीवर काढला. मामा तिला शिकवायला बसत आणि दोघं एकमेकांवर ओरडत. त्या आरडाओरड्यातून ती मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. मी याच काळात वकिलीच्या परीक्षेत दोनदा आपटलो. गोदूनं माझी उजळणी घेतली तेव्हा कुठे पास झालो.

पुढे शहराच्या वर नदीला मोठं धरण बांधायला घेतलं. लोक टांगे करून बघायला जात. मामा गेले नाहीत. "सरकारनं नदीला बांध घातला," म्हणाले, "न्हाव्याला कोण घालणार?" वर्षं सरत होती, आणि मुदत ठरवणारा माणूसच तिला सर्वांत जास्त भीत होता, हे मला तेव्हा कळलं. शेवटच्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. उभ्या हैदराबादेत ज्याचा आवाज ओळखला जाई, तो माणूस खाटेवर पडून नुसता बघत राहिला.

मुदत भरली तशी भाऊराव आले. शास्त्रीबुवा, पळसाची पानं, आणि ओसरीच्या पायरीशी न्हावी. मामांच्या घशातून घरघर निघू लागली. मी वकिली थाटात उभा राहिलो, "कायद्याप्रमाणे" म्हणालो, आणि पुढचा कायदा विसरलो.

गोदू पुढे झाली. तिनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं.

"विधी करा भाऊजी. त्यांना अग्नी मिळायलाच हवा, मीही त्याचीच वाट पाहत होते. पण माझ्या केसांना कुणी हात लावायचा नाही. उद्या मला शाळा आहे."

"अगं, पण शास्त्र..."

"शास्त्रानं बारा वर्षं मागितली. मी दिली. आता माझ्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही."

पुतळा जळाला. आम्ही परत आल्यावर गोदू बापाच्या खाटेशी बसली आणि दत्तोपंतांचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. मामांनी डावा हात कसाबसा उचलून तिच्या केसांवर ठेवला आणि तो काढला नाही. त्यानंतर ते पंधरवडाभरच होते.

त्या दिवशी भाऊराव मात्र बैठकीतून हलत नव्हते. शास्त्रीबुवांना हळू आवाजात म्हणत होते, "रडून घेऊ द्या. मग उरकू." ते ऐकून मी तरातरा बाहेर गेलो आणि न्हाव्यावरच ओरडलो, "चल, नीघ इथनं!"

तो धोकटी आवरत म्हणाला, "मेरे पे काय कू गरम होरें साब? बुलाए सो लोगां अंदर बैठे हैं ना."

खरंच होतं, त्याला बोलावणारे आतच बसले होते. मी वळलो. उंबरठ्याला धोतर अडकून फाटलं. ते तसंच हातात धरून मी भाऊरावांसमोर उभा राहिलो.

"उठा," मी म्हणालो.